साडेसातशेच्या बिलात कूपन नेमकं कुठे बसतं?

प्रिय ताई,

आम्ही दीड वर्षापूर्वी साताऱ्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. यांचा एकच पगार आहे. मी एच-४ व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही. मुलगा आठ महिन्यांचा आहे. किराणा, भाजी, दूध, डायपर, साबण-शाम्पू असं सगळं धरून महिन्याला साडेसातशे डॉलरच्या आसपास जातात. दोनशे डॉलरचं सामान पाच डॉलरला नेणाऱ्या बायकांचे व्हिडिओ पाहिले आणि मीही तीन कूपनं घेऊन एका मोठ्या दुकानात गेले. तिन्ही नाकारली गेली. टूथपेस्टचं कूपन मी फोनवरही घेतलं होतं आणि कागदाचंही नेलं होतं. कॅशिअर म्हणाली, एक लागलंय, दुसरं चालणार नाही. शाम्पूच्या कूपनवर चित्र अगदी त्याच बाटलीचं होतं, तरी साइज चुकीचा निघाला. सीरिअलचं कूपन मैत्रिणीने झेरॉक्स काढून दिलेलं, ते तर कॅशिअरने हातातही घेतलं नाही. मागे रांग, बाळ रडायला लागलेलं. सगळं तिथेच ठेवून मी घरी आले. हे म्हणतात, चार डॉलरसाठी एवढा अपमान कशाला? खरंच नाद सोडू का? नाही तर सुरुवात कुठून करू?

— एडिसनची एक वाचक

नमस्कार.

नाद सोडू नका, पण तो व्हिडिओ मात्र डोक्यातून काढून टाका. तुमची तिन्ही कूपनं तीन वेगवेगळ्या कारणांनी नाकारली गेली, आणि ती तीन कारणं नीट समजली की कूपनचं निम्मं शास्त्र हाती आलं.

त्याआधी अपमानाचं बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. कूपन म्हणजे दुकानदाराकडे मागितलेली सवलत नव्हे. ज्यावर ‘मॅन्युफॅक्चरर कूपन’ असं छापलेलं असतं, त्याचे पैसे वस्तू बनवणारी कंपनी दुकानाला भरून देते. कूपनच्या खाली बारीक अक्षरात दुकानदारासाठी सूचना असते. दर्शनी रक्कम आणि वर हाताळणीचे, बहुतेक कूपनांवर ८ सेंट, दुकानाला मिळतील असं तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही दोन डॉलरचं कूपन दिलंत तर दुकान ते कंपनीकडे पाठवून दोन डॉलर आठ सेंट वसूल करतं. दुकानाचं नुकसान होत नाही आणि कॅशिअर तुमच्यावर उपकार करत नाही. मात्र अटीत न बसणारं कूपन घेतलं तर कंपनी पैसे नाकारते आणि भुर्दंड दुकानावर पडतो. कॅशिअर एवढ्या काटेकोर असतात त्या यामुळे.

आता टूथपेस्ट. कूपनं मुळात दोन जातींची, कंपनीची आणि दुकानाची. एका वस्तूला कंपनीचं एकच कूपन लागतं, हा जवळजवळ सगळीकडे पाळला जाणारा नियम आहे. फोनमधल्या अॅपवर जे तुम्ही ‘क्लिप’ केलं, म्हणजे निवडून ठेवलं होतं, तेही कंपनीचंच होतं. तुम्ही दुकानाच्या सभासद-कार्डाशी जोडलेला फोन नंबर टाकलात त्या क्षणी ते आपोआप वजा झालं, आणि त्याच नळीवर कागदाचं दुसरं कंपनी-कूपन चढेना. कागद आणि फोन ही फक्त दोन रूपं आहेत, जात एकच. जिथे दोन कूपनं खरंच एकावर एक चढतात तिथे एक कंपनीचं असतं आणि दुसरं दुकानाचं स्वतःचं. याला इथे ‘स्टॅकिंग’ म्हणतात. टार्गेट या मोठ्या दुकानात त्यांच्या टार्गेट सर्कल या सभासद योजनेतली दुकानाची ऑफर आणि वर कंपनीचं कूपन, किंवा सीव्हीएस या औषधांच्या दुकानात त्यांच्या एक्स्ट्राकेअर कार्डावर आलेलं दुकानाचं कूपन आणि वर कंपनीचं, असं जमतं. तुमच्या बाबतीत साधा मार्ग होता. दोन नळ्या घ्यायच्या, एकीवर फोनचं कूपन लागतं, दुसरीवर कागदाचं. बहुतेक दुकानांत हे चालतं. यापुढे एखाद्या वस्तूचं कागदी कूपन जास्त रकमेचं असेल आणि वस्तू एकच घ्यायची असेल, तर फोनवरचं क्लिपच करू नका. एकदा चढलेलं डिजिटल कूपन बिलाच्या वेळी थांबवता येईलच असं नाही.

शाम्पूचं कारण आणखी साधं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक नवी व्यक्ती इथे फसते. चित्र बघायचंच नाही. चित्रात कंपनी बहुधा सगळ्यात महागडा प्रकार छापते. कूपन कशावर लागू आहे हे अक्षरं ठरवतात. किती औंस, किती नग, कुठला उपप्रकार, आणि ‘ट्रायल/ट्रॅव्हल साइज सोडून’ ही ओळ. मजा म्हणजे अक्षरं कधी आपल्या बाजूनेही असतात. चित्रात मोठी बाटली असते आणि मजकुरात ‘कुठलाही एक’ एवढंच असतं, तेव्हा चालणाऱ्यांपैकी सगळ्यात लहान बाटली घ्यायची. तीन डॉलर ७९ सेंटच्या बाटलीवर दोन डॉलरचं कूपन हा निम्म्याहून जास्त फायदा झाला. आठ डॉलरच्या बाटलीवर तेच कूपन पाव भाग. मोठं घेतलं की स्वस्त पडतं ही आपली सवय कूपनच्या बाबतीत उलटी करावी लागते.

अटींमधले तीन शब्दप्रयोग तोंडपाठ करा. ‘वन पर पर्चेस’ म्हणजे एका वस्तूला एक. तुम्ही चार वस्तू घेतल्या आणि तुमच्याकडे चार कूपनं असली तर चारही चालतात. ‘वन पर ट्रान्झॅक्शन’ म्हणजे एका बिलाला एकच. आणि ‘लिमिट ४ लाइक कूपन्स’ म्हणजे तशी चारच कूपनं एका फेरीत. पहिल्या दोघांतला गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कॅशिअरचाही.

झेरॉक्सचं मात्र गंभीरपणे सांगते. कागदी कूपनची प्रत काढणं ही इथे फसवणूक धरली जाते, मैत्रिणीने कितीही चांगल्या मनाने दिलेली असो. कंपनी एका छापील कूपनचे पैसे एकदाच देते. व्हर्जिनिया बीच इथल्या एका बाईला बनावट कूपनांच्या प्रकरणात २०२१ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणात नुकसानीचा आकडा तीन कोटी डॉलरच्या वर होता. तुमची एक झेरॉक्स त्या पंगतीतली नाही, हे उघड आहे. पण तुम्ही व्हिसावर आहात, तेव्हा या वाटेला जाऊच नका. टेलिग्राम, फेसबुक ग्रुपवर विकत मिळणारी कूपनं, कुणी पाठवलेला कूपनचा फोटो, ‘हा बारकोड दुसऱ्या वस्तूवरही चालतो’ अशी टीप, या तिन्हींना नाही म्हणा. व्हिडिओतल्या त्या पाच डॉलरला नेलेल्या सामानामागे पुष्कळदा यातलं काहीतरी असतं. नसलं तर महिनोन्‌महिने जमवलेली कूपनं, एकाच वस्तूचे साठ नग आणि आठवड्याचे वीस तास असतात. तुमच्याकडे आठ महिन्यांचं बाळ आहे.

आता मूळ प्रश्न, साडेसातशेतले किती डॉलर कूपनच्या आवाक्यात आहेत? माझं ठाम मत आहे की आपल्या घरांत लोक इथेच चुकतात. तूरडाळ, कणीक, तांदूळ, बेसन, शेंगदाणे, कोथिंबीर-मिरची, भेंडी यांवर मॅन्युफॅक्चरर कूपन येत नाहीत. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत कूपनचा संबंध नाही, तिथे आठवड्याच्या जाहिरातीतला भाव आणि सणावारांचे सेल एवढंच पाहायचं. दूध, ताजी भाजी, फळं यांवर कूपन क्वचित दिसतं. कूपन येतं ते कारखान्यात बनून ब्रँडच्या वेष्टनात बंद झालेल्या वस्तूंवर. टूथपेस्ट, शाम्पू, साबण, डिटर्जंट, भांड्यांचा साबण, डायपर, वाइप्स, पेपर टॉवेल, सीरिअल, डब्यातलं दही, फ्रोझन पदार्थ, डोकेदुखी-तापाची औषधं. शाकाहारी, रोज पोळी-भाजी करणाऱ्या घरात हा भाग बिलाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाहून मोठा नसतो. तुमच्या हिशेबात, बाळ धरून, दोनशे ते अडीचशे डॉलर. त्यावर तिसऱ्या महिन्यापर्यंत पंचवीस-तीस टक्के वाचले तर ते पन्नास ते सत्तर डॉलर. एवढंच उद्दिष्ट ठेवा. आणि कूपन आहे म्हणून घरचं दही लावायचं सोडून फळं घातलेल्या गोड दह्याचे बारा डबे आणायला लागलात, तर बिल वाढेल आणि कागदावर मात्र बचत दिसत राहील.

म्हणून पहिले दोन आठवडे एकही कूपन वापरू नका. सगळ्या पावत्या जपा. त्यातून कूपन येऊ शकणाऱ्या पंधरा-वीस वस्तू वेगळ्या काढा आणि एका साध्या वहीत प्रत्येकीपुढे लिहा: ब्रँड, आकार, दिलेली किंमत, एका नगाची किंवा एका औंसाची किंमत, आणि ती वस्तू घरात किती दिवस पुरते. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि मग कपाटात चौदा टूथपेस्ट साचतात. एका औंसाची किंमत काढायला गणित करावं लागत नाही. न्यू जर्सीत दर-एकक किंमत दाखवण्याचा कायदाच आहे, मोठ्या दुकानांच्या फडताळावर किमतीच्या पट्टीत ती बारीक अक्षरांत असते. फक्त एक काळजी घ्या. एका पट्टीवर भाव औंसाचा आणि शेजारच्या ब्रँडवर नगाचा असेल तर तुलना होत नाही, तेव्हा फोनमधला कॅल्क्युलेटर काढायचा.

ही वही नसेल तर कूपन चांगलं की वाईट हे कळायला मार्गच नाही. एक उदाहरण करून बघू, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. ब्रँडेड डिटर्जंटची बाटली, ६४ वेळा कपडे धुण्याइतकी, नेहमीची किंमत १२.९९ डॉलर. या आठवड्यात सेलमध्ये ९.९९ आणि तुमच्याकडे दोन डॉलरचं कूपन. म्हणजे ७.९९, एका धुण्याला साडेबारा सेंट. पाच डॉलर वाचल्यासारखं वाटतं. पण शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची ६६ धुण्यांची बाटली ६.९९ ला आहे, धुण्याला साडेदहा सेंट. कूपन खिशात ठेवा. तीन आठवड्यांनी तीच ब्रँडेड बाटली ५.९९ ला येते. तेच दोन डॉलरचं कूपन लावून ३.९९, धुण्याला सव्वासहा सेंट. आता घ्यायची. कूपन दोन्ही वेळा तेच आहे. पहिल्या वेळी त्याने तुम्हाला महाग वस्तूकडे ओढलं, दुसऱ्या वेळी खरी बचत केली. कूपन हातात आलं की वापरायची घाई होते. त्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत सेलची वाट पाहणं हेच त्यातलं कसब आहे. तारीख उलटून गेली तर गेली, काहीही तोटा झालेला नसतो.

सेल कधी येतात याला चक्र असतं. बहुतेक ब्रँडेड वस्तूंचा चांगला भाव साधारण सहा ते बारा आठवड्यांनी परत येतो. त्यामुळे चांगला भाव दिसला की पुढचा चांगला भाव येईपर्यंत पुरेल एवढंच घ्यायचं, आणि वहीतला ‘किती दिवस पुरते’ हा रकाना कामाला येतो तो इथे. टूथपेस्टची नळी तुम्हाला महिना पुरत असेल तर तीन नळ्या. एका बेडरूमच्या घरात कूपनच्या साठ्याला कपाटातला एक खण द्या. तो भरला की खरेदी बंद. डायपरच्या बाबतीत याहून कडक राहा. आठव्या महिन्यात बाळ कधी पुढच्या मापात जाईल सांगता येत नाही, तेव्हा एका मापाचे दोन पॅक घरात असले की तिसरा आणू नका.

आता कूपनं आणायची कुठून. जुनी पद्धत रविवारच्या वर्तमानपत्रातल्या पुरवण्यांची. तुमच्या भागात तो झरा आटला आहे. न्यू जर्सीचं मोठं दैनिक ‘स्टार-लेजर’ याची छापील आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच झाली. पुरवण्यांसाठी दुसरं वर्तमानपत्र लावण्याआधी दोन रविवार सुटा अंक घेऊन त्यात किती कूपनं निघतात ते बघा, वर्गणीचे पैसे निघाले नाहीत तर सोडून द्या. तुमचं मुख्य साधन फोन आहे. दोनच दुकानं निवडा, एक किराण्याचं आणि एक औषधांचं. शॉपराइट हे तिकडचंच, किसबीमध्ये मुख्यालय असलेल्या सहकारी संस्थेचं दुकान आहे. त्याचं प्राइस प्लस कार्ड फुकट मिळतं आणि डिजिटल कूपनं त्यावर चढतात. औषधांच्या दुकानात सीव्हीएस किंवा वॉलग्रीन्स, जे चालत जाण्याच्या अंतरावर असेल ते. पाच दुकानांची अॅप उघडून बसलात तर दर आठवड्याला तीन तास जातील आणि प्रत्येक ठिकाणी वीस डॉलरचा अनावश्यक माल भराल. या सगळ्या खात्यांसाठी वेगळा ई-मेल पत्ता काढा, नाही तर नेहमीची मेलपेटी जाहिरातींनी तुंबेल.

याशिवाय डोळे उघडे ठेवले तर दुकानातच कूपनं असतात. वेष्टनावर चिकटवलेली, फडताळाला टांगलेल्या वहीतून फाडून घ्यायची, आणि बिल झाल्यावर पावतीबरोबर वेगळ्या यंत्रातून छापून येणारी. शेवटची लोक पावतीसोबत कचऱ्यात टाकतात. बघा, कधी ती पुढच्या कुठल्याही खरेदीवर एक-दोन डॉलर सूट देणारी असतात. वेष्टनावरचं कूपन मात्र ती वस्तू विकत घेणाऱ्याचं असतं, दुसऱ्याच्या डब्यावरून सोलून न्यायचं नाही. बाळ वरचं दूध घेत असेल तर सिमिलॅक आणि एन्फामिल या डब्याच्या दुधाच्या दोन्ही ब्रँडकडे नाव नोंदवा. त्यांची कूपनं रकमेने मोठी असतात, कारण वस्तूच महाग. पण ब्रँड बदलण्याचा निर्णय कूपनने नव्हे, बाळाच्या डॉक्टरांनी करायचा.

औषधांच्या दुकानातल्या रिवॉर्डबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मोह सगळ्यात मोठा तिथे आहे. ‘३० डॉलरच्या वस्तू घ्या, १० डॉलरचे रिवॉर्ड मिळवा.’ समजा डायपरचा २८ नगांचा पॅक १३.९९ ला आहे. दोन पॅक म्हणजे २७.९८, तीसला दोन डॉलर कमी पडतात. तुम्ही अडीच डॉलरचा साबण घातलात, झाले ३०.४८. एका पॅकवर फोनचं तीन डॉलरचं कूपन, दुसऱ्यावर कागदाचं तीन डॉलरचं. दिले २४.४८ आणि परत आले १० डॉलर, म्हणजे हिशेब १४.४८ चा. साबणाचे अडीच वजा करा, ५६ डायपर ११.९८ ला पडले, नगाला साधारण २१ सेंट. दुकानाच्या मूळ किमतीत तो पन्नास सेंटला होता, तेव्हा छान वाटतं. आता कॉस्टकोसारख्या ठिकाणी त्यांच्या ब्रँडचं १९२ नगांचं खोकं ४० डॉलरला असेल तर तोही नगाला २१ सेंटच पडतो, काहीही कूपन न लावता. मग तुमचा वेळ कुठे घालवायचा ते तुम्हीच ठरवा. (मोठ्या घाऊक दुकानांपैकी कॉस्टको कंपनीची कूपनं घेत नाही, बीजेज घेतं. सभासदत्व घेण्याआधी हा फरक लक्षात असू द्या.)

आणि ते दहा डॉलर रोख नसतात. ते त्याच दुकानात, छापलेल्या तारखेच्या आत, बहुधा महिन्याभरात वापरावे लागतात. यादीत नसलेल्या वस्तूवर ते उडवले तर ती बचत नव्हे. शहाणपणाची पद्धत अशी की मिळालेले रिवॉर्ड पुढच्या अशाच ऑफरमध्ये द्यायचे आणि नवे मिळवायचे. हे चक्र चालू राहिलं की खिशातून रोख कमी जाते. दोन गोष्टी इथे बिघडतात. एक, बेरीज काठावर ठेवली आणि एखादी वस्तू सेलमध्ये नसल्याने किंवा कुठली तरी सूट आधी वजा झाल्याने तीसच्या खाली आली, की रिवॉर्ड येतच नाहीत. म्हणून एक-दोन डॉलर वर राहा आणि ती मर्यादा सूट देण्याआधी मोजतात की नंतर, हे ऑफरच्या बारीक मजकुरात वाचा. दोन, ‘लिमिट १’, म्हणजे एकदाच, असं असताना तीच ऑफर दुसऱ्यांदा केली जाते आणि रिवॉर्ड येत नाहीत.

आयबोटा आणि फेच ही अॅप वेगळ्या प्रकारची. ती बिल झाल्यावर पैसे परत देतात. आयबोटावर ऑफर खरेदीआधी निवडावी लागते, वीस डॉलर जमले की काढता येतात. फेचमध्ये कुठलीही पावती फोटो काढून टाकली की थोडे गुण मिळतात. बदल्यात तुमच्या खरेदीची सगळी माहिती तुम्ही त्यांना देता, हे जाणून करायचं असेल तर करा. पहिल्या महिन्यात मात्र नको, एका वेळी एकच गोष्ट शिका. सर्व्हे भरून पैसे देणाऱ्या अॅपपासून लांब राहा, आणि साठवलेला माल ऑनलाइन विकायचा विचार कुणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. सूट घेणं ही खरेदी आहे, विकणं हा धंदा. कामाची परवानगी नसताना तो करायचा नाही.

पावतीवर एक गोष्ट तुम्हाला चुकल्यासारखी वाटेल, ती चूक नाही. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. घरी शिजवून खायच्या बहुतेक किराण्यावर तो नाही, डायपर आणि टॉयलेट पेपरवरही नाही, पण शाम्पू, टूथपेस्ट, डिटर्जंटवर आहे. सहा डॉलरच्या शाम्पूवर कंपनीचं दोन डॉलरचं कूपन दिलंत तरी कर सहा डॉलरवरच लागतो, ४० सेंट. कारण दुकानाला पूर्ण सहा डॉलर मिळतातच, चार तुमच्याकडून, दोन कंपनीकडून. तीच सूट दुकानाच्या स्वतःच्या कूपनने मिळाली असती तर कर चार डॉलरवर, २७ सेंट.

आता पुढची फेरी. आठवड्याची जाहिरात आली की बाळ झोपलेलं असताना अर्धा-पाऊण तास बसा. यादी आधी करा, मग त्या यादीतल्या वस्तूंची कूपनं शोधा. उलट क्रमाने केलं तर यादी कूपनं लिहितात. डिजिटल कूपनं घरूनच क्लिप करा, रांगेत उभं राहून नको. दुकानातलं नेटवर्क दगा देतं आणि कधी कूपन चढायला थोडा वेळ लागतो. यादीवर प्रत्येक वस्तूपुढे आकार, सेलची किंमत, कूपनची रक्कम आणि फोनचं की कागदाचं एवढं लिहा. पिशव्या घेऊन जा, तिकडे मोठ्या दुकानात फुकट पिशवी मिळत नाही. पहिल्यांदा तीनच कूपनं, आणि आठवड्याच्या मधली सकाळ, जेव्हा रांगा लहान असतात.

काउंटरवर फोन नंबर सुरुवातीलाच टाका म्हणजे सेलच्या किमती लगेच दिसतील. सगळ्या वस्तू झाल्या की कागदी कूपनं एकदम द्या, पैसे देण्याआधी. स्क्रीन बघत राहा. एखादं नाकारलं तर कूपनवरची अट आणि वस्तूवरचा आकार शेजारी धरून दाखवा, शांतपणे. तुमचं बरोबर असेल तर व्यवस्थापकाला बोलवायला सांगणं यात काही वावगं नाही. तरीही नाही म्हणाले तर ती एक वस्तू बाजूला ठेवा आणि बाकीचं सामान घ्या. सगळं सोडून यायची गरज नसते. बाळ रडत असेल तर वादच घालू नका. पैसे द्या, पावती घ्या आणि दाराजवळच्या कस्टमर सर्व्हिसच्या खिडकीवर जा. तिथे मागे रांगेचा ताण नसतो, आणि न लागलेली सूट पावती पाहून परत मिळते. पावती वाचल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका. सेलची किंमत संगणकात न चढलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. जाहिरातीतली वस्तू संपलेली असेल तर त्याच खिडकीवर ‘रेन चेक’ मिळतो का विचारा. काही दुकानं तो भाव पुढे लागू ठेवणारी चिठ्ठी देतात.

तुमच्या यांना महिन्याअखेरीला वहीतल्या बेरजा दाखवा, पण पावतीवर छापलेला ‘यू सेव्ह्ड’ आकडा दाखवू नका. तो कुणीही न दिलेल्या मूळ किमतीवरून काढलेला असतो. त्याच वीस वस्तूंना कूपन न वापरता गेल्या महिन्यात किती गेले होते आणि या महिन्यात किती गेले, हा फरक खरा.

आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. शॉपराइटचा ‘कॅन कॅन सेल’ जानेवारीत येतो, १९७१ पासूनची प्रथा आहे. डब्यातले छोले, राजमा, टोमॅटो, मका यांचे वर्षातले चांगले भाव त्यात मिळतात. आपल्या स्वयंपाकाच्या कामाच्या असलेल्या या मोजक्या वस्तू आहेत. एका डब्याचा आजचा भाव वहीत असेल तर तेव्हा सहा घ्यायचे की अठरा, हे दुकानात उभं राहून ठरवावं लागणार नाही.